इमानी कुत्र्याचा डुप्लिकेट

आमच्या घरात मूल रांगायला लागलं की त्याच्या कानावर पहिला हुकूम पडायचा तो ‘हलू नको’ हाच. घर आणि गणपतीचा कारखाना यांच्यामध्ये भिंत अशी नव्हतीच. पडवीत साचे, ओटीवर शाडूचे गोळे, माजघरात फळ्यांवर वाळत घातलेले ओले गणपती, आणि त्यांच्यामधून जी काय वाट उरेल तिच्यातून आम्ही जेवायला, झोपायला आणि एकमेकांवर रागवायला ये-जा करायचो. पेणमधल्या आमच्या आळीत बहुतेक घरं अशीच होती. कुणाच्या कोपराचा धक्का लागला तर सोंड जायची, फ्रॉकचा घेर लागला तर उंदीर जायचा. त्यामुळे कुणाच्याही हातात ओली मूर्ती दिसली की तो दारातूनच ओरडायचा, ‘हलू नको,’ आणि आम्ही जिथे असू तिथे, एक पाय वर असला तरी तसेच, उभे राहायचो. मूर्ती पुढे गेली की आवाज यायचा, ‘चल,’ आणि घर परत चालू व्हायचं. शाळेत मला शांत मुलगी म्हणून बक्षीस मिळालं होतं. त्यात माझ्या स्वभावाचा काही संबंध नव्हता.

आमचा कुत्रा शाडू याच शाळेत शिकला. तो मातीच्या पोत्यांच्या ट्रकमागून धावत आला आणि राहिला. रंगानं वाळलेल्या शाडूसारखा, पांढुरका राखाडी, म्हणून नाव शाडू. पहिल्याच आठवड्यात त्यानं आनंदाच्या भरात शेपटीनं तीन सोंडा पाडल्या. आप्पा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, हा तरी राहील नाहीतर मी तरी. आत्यानं मधला मार्ग काढला. ही माझी थोरली आत्या, नवरा गेल्यावर माहेरी परत आलेली. मूर्तीचे डोळे ती लिहायची, त्याला आमच्यात आखणी म्हणतात, आणि कारखान्यातला शेवटचा शब्द आप्पांचा असला तरी त्याच्या आधीचे सगळे शब्द तिचे असायचे. तिनं पंधरा दिवसांत शाडूला आमच्यासारखाच शिकवला. ‘हलू नको’ म्हटलं की बसल्या जागी पुतळा, शेपटीसकट. ‘चल’ म्हटल्याशिवाय कान हलणार नाही. एकदा आम्ही सगळे गावी जेवायला गेलो आणि त्याला सोडवायचं विसरलो. दुपार टळल्यावर परत आलो तर तो मोरीच्या दाराशी तसाच बसलेला, पुढ्यातल्या भाकरीच्या तुकड्यावर मुंग्या. आम्ही त्याचं फार कौतुक केलं. कुणी त्याची माफी मागितल्याचं मला आठवत नाही.

थंडीचे दिवस होते. हंगाम नुकता सुरू झालेला, साच्यातून मूर्ती निघत होत्या पण रंगाला अजून अवकाश होता. अंगणात आई आणि शेजारच्या दोघीतिघी पापड लाटत असायच्या, त्यांच्या बांगड्या आणि आतला पॉलिश पेपरचा खरखर आवाज हे आमच्या घरचं संगीत. रात्रीच्या वालाच्या बिरड्याचा वास सकाळपर्यंत राहायचा आणि सकाळी तांदळाच्या भाकरीबरोबर तेच बिरडं जास्त चांगलं लागायचं. अशा एका सकाळी बाळूकाका तीन परक्या माणसांना घेऊन आला.

बाळूकाका हा आप्पांचा धाकटा भाऊ. घरात हा एकच माणूस असा, ज्याला ‘हलू नको’ म्हणून काही फायदा नव्हता. त्यानं धरमतरच्या धक्क्यावर तीन आठवडे बार्जवरची पोती मोजली, धाटावला एका कंपनीत शिफ्टला लागला आणि पहिल्या रात्रपाळीनंतरच घरी आला, नागोठण्याला कुणाच्या तरी भागीत सोड्याचा गाडा टाकला. बोलायला मात्र असा गोड की घेणेकरीसुद्धा चहा पिऊन जायचे. त्या दिवशी तो एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात बसला होता, आणि तिथे सिनेमाचं युनिट रंगाऱ्याची चौकशी करत आलं. पेणमध्ये रंगारी कुठे मिळेल असं कुणी विचारावं म्हणजे समुद्रावर मीठ मागण्यासारखंच. काकानं त्यांना बाकी कुठे जाऊ दिलं नाही.

त्यांतला मॅनेजर म्हणवणारा माणूस आमच्या झोपाळ्यावर बसला आणि त्यानं गोष्ट सांगितली. कोकणातल्या एका गरीब तरुणाचा इमानी कुत्रा असतो. तरुण नोकरीसाठी मुंबईला जातो. कुत्रा मागे राहतो, पण राहतो कसला, निघतो. डोंगर चढतो, उन्हात पोळतो, नदी पोहून जातो. इकडे मालकही वेडापिसा होऊन गावोगाव त्याला शोधत असतो. शेवटी दोघं भेटतात. मॅनेजरला गोष्ट सांगायची सवय असावी, कारण नदीपाशी आल्यावर तो बरोबर थांबला आणि चहाचा घोट घेतला. आईचं लाटणं थांबलं होतं. काकाच्या डोळ्यांत पाणी होतं. ही गोष्ट काकानं पुढे पेणमध्ये निदान पन्नास वेळा सांगितली आणि दर वेळी त्याच जागी त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं.

अडचण अशी होती. कोकणातल्या गरिबाचा गावठी कुत्रा म्हणून त्यांनी मुंबईहून एक परदेशी जातीचा कुत्रा आणला होता. डायरेक्टरचं म्हणणं होतं की गावठी कुत्रा पडद्यावर इमानी दिसत नाही, लबाड दिसतो. परदेशी कुत्र्याला भात चालत नव्हता, इथलं पाणी बाधलं होतं, आणि नदीत उतरायला त्याची मालकीण साफ नको म्हणत होती. तेव्हा रोह्याला कुंडलिकेवर जो पोहण्याचा सीन होता त्यापुरता डुप्लिकेट हवा होता. म्हणजे गावठी कुत्र्याचं काम करणाऱ्या परदेशी कुत्र्याचं काम करायला एक गावठी कुत्रा, त्या परदेशी कुत्र्यासारखा रंगवून. हे वाक्य मॅनेजरनं एका दमात म्हटलं आणि कुणीच हसलं नाही. मला वाटतं मी आज पहिल्यांदाच हसतेय.

शाडूला पाहून तो म्हणाला, बांधा बरोबर आहे. आत्यानं ‘हलू नको’ म्हटलं, शाडू गोठला, आणि बरोबर आलेल्या डायरेक्टरनं टाळी वाजवली. मी एकटीच नको म्हणत होते. शाडू माझ्या पांघरुणात झोपायचा, त्याचा निळ्या चिंध्यांचा पट्टा मी स्वतः वेणीसारखा विणला होता, आणि त्याला माझ्याशिवाय कुठे जायची सवय नव्हती. काकानं मला मांडीवर ओढलं.

“तीन दिसांचा तर सवाल हाय गो. मी हाय ना त्याच्यासंगती. जसा नेतो तसा आणून तुझ्या हातात देतो.”

रंगकामाला दोन दिवस लागले. घरातली इतकी एकाग्रता मी गणपतीसाठीही पाहिली नव्हती. परदेशी कुत्र्याचा फोटो भिंतीला टाचला. आप्पा म्हणाले गेरूत काजळी कालवू, आत्या म्हणाली आधी पिवळ्या पिवडीचा हात देऊ मग गेरू, नाहीतर मेलेला दिसेल. त्यावरून दोघं जेवताना बोलले नाहीत. शेजारचे तीन कारखानदार येऊन छटा पाहून गेले आणि प्रत्येकानं आपण असतो तर काय केलं असतं ते सांगितलं. रंग धरून ठेवायला घालतात तो सरस उकळल्याचा वास घरभर. शाडू फळीवर बसून, डोळे तेवढे फिरवत. शेवटी आत्यानं बारीक कुंचल्यानं त्याच्या डोळ्यांभोवती काळी रेघ ओढली, मागे सरून मान वाकडी करून पाहिलं आणि म्हणाली, “झाला.” सवयीनं तिचे हात जोडले गेले होते, ते तिनं घाईनं पदराला पुसले. आईनं मीठमोहऱ्यांनी त्याची नजर काढली. काका त्याला घेऊन जीपमध्ये बसला आणि आळीच्या टोकापर्यंत हात हलवत राहिला, हीरो असल्यासारखा.

तिसऱ्या दिवशी दुपारी काका आला तो एकटाच. आम्ही सगळे बाहेर धावलो. तो तांब्याभर पाणी प्यायला आणि त्यानं सांगितलं की शाडूनं कमाल केली. एका झटक्यात सीन ओके. डायरेक्टर इतका खूश की आणखी चार सीन लिहिले आणि त्याला मुंबईला घेऊन गेला. “हीरोच्या गाडीतनं गेला. पुढच्या शिटावर.” परत केव्हा येणार, मी विचारलं. “आता तो काय आपल्या हातात ऱ्हायलाय?” काका म्हणाला, आणि हे मात्र त्यानं खरं सांगितलं होतं.

मी रडले, पण संध्याकाळपर्यंतच. दुसऱ्या दिवशी शाळेत बाईंनी मला वर्गापुढे उभं करून शाडूबद्दल बोलायला लावलं. मी काकानं सांगितलं ते सांगितलं. त्याच्या पुढच्या दिवशी मुलींनी घेराव घातला तेव्हा मी माझं सांगितलं. तो पंख्याखाली झोपतो, त्याला सकाळी खिमा आणि संध्याकाळी दूध असतं, हीरोईन त्याला मांडीवर घेऊन मेकअप करते. आप्पा गिऱ्हाइकांना म्हणायचे, मूर्ती बघा, आणि हे बघा, त्या सिनेमातला कुत्रा आमच्याच हातचा. शेजारचे तिन्ही कारखानदार आपापल्या घरी सांगत होते की छटा त्यांनीच सुचवली. तो आमच्या घरी लहानाचा मोठा झाला असं आळीतल्या जवळजवळ प्रत्येक घराचं म्हणणं होतं. काका हॉटेलात बसून नदीपाशी थांबायचा आणि चहाचा घोट घ्यायचा.

आता जे लिहायचं आहे ते मी कुणाला सांगितलेलं नाही. काका आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्याच्या पिशवीत हात घातला होता. तो बाहेरगावाहून आला की पिशवीत लिमलेटच्या गोळ्या असायच्या. गोळ्या नव्हत्या. तळाशी माझ्या हातचा निळा पट्टा होता, ओलसर, आणि त्याला तपकिरी रंगाचे ओघळ लागलेले. मी बारा वर्षांची होते, कुक्कुलं बाळ नव्हते. मुंबईला हीरोच्या गाडीतून गेलेल्या कुत्र्याचा पट्टा काकाच्या पिशवीत कसा, हा प्रश्न मला त्याच क्षणी पडला आणि त्याचं उत्तर चांगलं नाही हेही कळलं. मी पट्टा परत तळाशी ठेवला. वर पंचा घातला, होता तसा. दुसऱ्या दिवशी मला वर्गात शाडूच्या नव्या सीनबद्दल सांगायचं होतं. माणूस लहानपणी निष्पाप असतो असं जे आत्मचरित्रांतून लिहितात, ते लिहिणाऱ्यांची पिशवी कुणी तपासलेली नसते.

नऊ दिवस असे गेले. नवव्या दिवशी समोरचा हरिभाऊ आला. तो रोह्याजवळ धाटावला कंपनीत होता, रोह्यातच खोली करून राहायचा आणि पंधरा दिवसांनी एकदा सुट्टीला घरी यायचा. काका ओट्यावर चहा पीत होता, आत्या साच्याला तेल लावत होती. हरिभाऊला आमच्या कीर्तीची काही कल्पना नव्हती. तो सहज म्हणाला, “काय रे बाळू, तुमच्या शाडूवानी एक कुत्रा हाय रोह्याला. नदीवर, घाटाच्या पायरीवर बसून हाय. अर्धा तपकिरी, अर्धा पांढरा. फस्ट शिफ्टला जाताना बघतो, सुटल्यावर बघतो, तिथंच. हलतच नाय. लोक म्हणतात येडा हाय.”

पॉलिश पेपरचा आवाज थांबला. काकानं कप खाली ठेवला नाही, तसाच धरून राहिला. आत्यानं हातातलं तेल पुसलं, चपला घातल्या आणि म्हणाली, “बाळू, ऊठ.” मग माझ्याकडे बघून, “सुमे, तू पण चल.” मी कशाला, हे तिनं सांगितलं नाही. मला पट्ट्याचं कळलंय हे तिला ठाऊक होतं की काय, हा विचार मला अजूनही मधूनच येतो.

एसटीनं वडखळ सोडलं. मग काकानं खिडकीकडे तोंड करून सगळं सांगितलं. शाडू पाण्यात उतरला तो छान उतरला. कॅमेरा चालू. पलीकडच्या काठावर हीरो गुडघ्यांवर बसलेला, गरिबाच्या पांढऱ्याशुभ्र, परीटघडीच्या कपड्यांत. नदीच्या मध्यापर्यंत कुत्रा तपकिरी होता. त्याच्यामागे पाण्यात गेरूचा पट्टा लांबत चालला होता. पलीकडे निघाला तेव्हा पाठ पांढरी, पोटाखाली तपकिरी, आणि डोळ्यांभोवतीचं काजळ गालांवर आलेलं. शिकवल्याप्रमाणे तो धावत जाऊन हीरोच्या मिठीत शिरला आणि उरलेला रंग त्यानं तिथे दिला.

आत्या हे सगळं ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, थक्क झाल्यासारखी दिसत होती. पेणमधले चार कारखाने, पिढ्यान्‌पिढ्या रंगात हात बुडवलेली माणसं, दोन दिवस छटेवरून भांडलेली, आणि कुत्रा नदीत पोहायचा आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण आमच्या घरात रंग लावायचा तो शेवटी पाण्यात जाण्यासाठीच. मूर्ती विसर्जनाला गेली की रंग सुटायलाच हवा, नाही सुटला तर ते काम वाईट. पाण्यात टिकणारा रंग हवा असं आमच्यापैकी कुणाच्या मनाला कधी शिवलंच नव्हतं. “सरस जास्त घालायला हवा व्हता,” आत्या शेवटी म्हणाली, आणि मग स्वतःच मान हलवली.

डायरेक्टर ओरडला, मॅनेजर हीरोच्या कपड्यांवरून काकाच्या अंगावर धावून गेला, युनिटनं सामान गाडीत भरलं आणि ते निघून गेले. काका आणि अर्धवट रंगाचा ओला कुत्रा घाटावर उरले. पट्टा रंगानं भिजून शाडूच्या मानेला चिकटला होता, तो काकानं काढून पिशवीत टाकला. एसटीच्या कंडक्टरनं तसला कुत्रा घ्यायला नकार दिला. काकानं विचार केला, बाजारात जाऊन टेम्पो बघतो. शाडूला पायरीवर बसवला, ‘हलू नको’ म्हणाला. बाजारात जाताना स्टँडवर पेणची गाडी लागलेली दिसली.

“लागलेली व्हती गो ताय,” काका म्हणाला. “बसायला जागा पण व्हती.”

“आणि तो?”

“मला वाटलं येईल. मागनं येईल चालत.” तो थांबला. “ष्टोरीत येतो ना.”

रोह्याला उतरलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. घाटाकडे जाणाऱ्या बोळाच्या तोंडाशी एका म्हातारीनं आम्हाला अडवलं. आत्याच्या डोळ्यांकडे बघूनच तिनं ओळखलं असावं. तिचं नाव सारामावशी. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातली ज्यू, नऊवारी नेसलेली, तिची बाकी सगळी माणसं देश सोडून कधीच गेली होती.

“तुमचा हाय काय तो?” ती म्हणाली. “पहिले दोन दिस भाकरीला तोंड लावलं नाय. मग मी सांगितलं त्याला, बाबा, खाऊन वाट बघ. उपाशी ऱ्हायलं म्हणून कोण लवकर येत नाय. माझी माणसं इस्रायलला गेली तवा म्हणाली, मावशी, बोलावून घेतो. वीस वर्सं झाली. मी जेवते दोन टाइम.” मग तिनं आम्हा तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं. “मालक कोण याचा?”

नऊ दिवस ज्या कुत्र्याचे पेणमध्ये चाळीस मालक होते, त्याचा त्या बोळात एकही निघेना. मी चपलांकडे बघत होते. काका नदीकडे.

शाडू दुसऱ्या पायरीवर होता. बरगड्या दिसत होत्या, पोटाखाली तपकिरी पोपडे, डोळ्यांखाली अजून थोडं काजळ. मी धावत गेले आणि त्याच्या गळ्यात पडले. त्यानं माझा कान चाटला, अंग थरथरत होतं, पण बूड पायरीवरून उचललं नाही. मी ‘चल’ म्हणाले. तो उठेना. मी परत म्हणाले. तो माझ्या खांद्यावरून वर बघत होता, जिथे काका उभा होता. ज्यानं बसवलं त्यानंच उठवायचं, हे त्याला आम्हीच शिकवलेलं.

“बाळू,” आत्या म्हणाली, “बोल त्याला.”

 ज्या माणसाची जीभ कधी थांबली नाही तो माणूस तोंड उघडून उभा. शेवटी अगदी बारीक आवाजात, लाजल्यासारखं, तो म्हणाला, “चल.” शाडू माझ्या हातातून सुटला, पायऱ्या चढून गेला आणि काकाच्या अंगावर दोन्ही पाय टाकून असा काही नाचायला लागला की काका मागच्या मागे बसला. त्यानं शाडूला धरलं आणि तो रडला, पन्नास वेळा रडला होता तसा नाही, नाक वाहत, आवाज करत. आणि मी खाली पायरीवर एकटी उभी होते. मला आनंद झाला होता असं लिहायला हवं. मला राग आला होता. कुत्रा माझा, पांघरूण माझं, पट्टा माझा, आणि हा त्याला टाकून गेलेल्याच्या गळ्यात पडतो. इमान हे लायकी बघून ठेवलं जात नाही हे मला त्या दिवशी कळलं, आणि ते मला आजही फारसं आवडत नाही.

परतीच्या कंडक्टरनंही कुत्रा घेतला नाही. काका म्हणाला, तुम्ही जा, मी चालत आणतो. आम्हाला वाटलं नागोठण्यापर्यंत जाऊन कुठला तरी ट्रक गाठेल. पण तो खरोखरच रोह्याहून पेणपर्यंत चालला, वाटेत कुणाच्या तरी पडवीत झोपून, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आळीत शिरला तेव्हा शाडू टवटवीत होता आणि काका लंगडत होता. आळी बघायला जमली. पुढच्या आठ दिवसांत गोष्टीतून काका गळाला. शाडू रोह्याहून एकटा, माग काढत, अंबा नदी पोहून मालकाकडे आला, असं ठरलं. परवा माझ्या नातवानं मोबाइल पुढे धरला. आपल्या भागातल्या आठवणींचं कसलंसं पान आहे, त्यावर ‘पेणचा इमानी कुत्रा’ म्हणून हीच हकीगत कुणीतरी टाकली आहे, खाली हात जोडलेली चित्रं आणि बदाम. फोटो दुसऱ्याच कुत्र्याचा, परदेशी जातीच्या. ही हकीगत मला आतापर्यंत सात जणांनी पाठवली आहे. मी सातही जणांना बदाम पाठवले.

सिनेमा वर्षभरानं पेणला लागला. नाव सांगत नाही, सांगून कुणाला आठवणारही नाही. आम्ही सगळे गेलो, आप्पांनी धुवट सदरा घातला होता. शाडूला तोवर एक सवय लागली होती, काका कुठेही निघाला की तो मागोमाग जायचा, आणि काकानंही त्याला कधी परत ‘हलू नको’ म्हटलं नाही. त्यामुळे तो थिएटरच्या दारापर्यंत आला आणि डोअरकीपरनं काकाच्या ओळखीनं त्याला आतल्या जिन्याखाली राहू दिलं. नदीचा सीन आला. तपकिरी कुत्रा काठावरून उडी मारतो, लांबून पाण्यात एक डोकं दिसतं, आणि पलीकडे तपकिरी कुत्रा कोरडाच्या कोरडा निघतो. काठावरची मिठी त्यांनी कापून टाकली होती, भेट आता शेवटावर ढकलली होती. ते मधलं डोकं शाडूचं होतं. आमच्या रांगेनं टाळ्या वाजवल्या, मग सबंध थिएटरनं.

त्यानंतर मालक शोधायला निघतो. गाणं लागतं. तो धर्मशाळेत विचारतो, बाजारात विचारतो, देवळाच्या पायरीवर डोकं टेकतो, दाढी वाढते. आई पदर तोंडाशी धरून रडत होती, आत्या रडत होती, आप्पा चष्मा पुसत होते. काका माझ्या शेजारी ताठ बसला होता. गाण्याच्या मधल्या शांततेत तो म्हणाला, नेहमीच्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असा, “असं कोण शोधत नाय.”

पुढच्या रांगेतल्या माणसानं वळून “ओ, बघू द्या की” म्हटलं. काका उठला, आमच्या गुडघ्यांना धडकत बाहेर गेला. दाराचा पडदा हलला, जिन्याखाली शेपटी आपटल्याचा आवाज आला, आणि मग दोघांची पावलं लांब गेली. त्याच्यामागे आपण जावं असं मला वाटलं. खरंच वाटलं. जाऊन सांगावं की काका, तुझ्या पिशवीतला पट्टा मी पाहिला होता, दुसऱ्याच दिवशी, आणि मीही शोधायला निघाले नाही. मी उठलेही अर्धी. पण पडद्यावर कुत्रा आणि मालक अजून भेटायचे होते, आणि ते कसे भेटतात हे मला बघायचं होतं. मी परत बसले, आणि ते भेटले तेव्हा हमसून हमसून रडले.